दुधाची दाढ

पडलेला दुधाचा दात कौलावर फेकायची पद्धत कुणी काढली देव जाणे, पण तिने आमच्या सात देशांच्या पाहणीचा पार विचका केला होता. आपल्याकडे दात फेकून उंदीरमामाकडे नवा मागतात. बांगलादेशात पोरं तो उंदराच्या बिळात टाकतात. श्रीलंकेत छपरावर भिरकावून खारीला हाक मारतात. एरवी या शेजाऱ्यांचं पाण्यावरून पटत नाही की क्रिकेटवरून, पण पडलेला दात घरात ठेवायचा नाही यावर सगळ्यांचं एकमत. आणि आम्हाला नेमके दातच हवे होते. पहिल्या वर्षी शिड्या घेऊन परक्यांच्या छपरांवर चढणाऱ्या आमच्या माणसांना दोन गावांत चोर समजून लोकांनी चोपलं होतं.

मी शैलजा बिरनाळे. वय एकसष्ट. मिरजेच्या एका प्रयोगशाळेत दात वाचते. दातांची डॉक्टर नव्हे, दात वाचणारी. शेजारच्या बाई अजूनही मला अक्कलदाढ दाखवायला येतात आणि मी काही करू शकत नाही म्हटलं की मी आखडू आहे असं समजून परत जातात. तसं त्यांचं फार चुकत नाही.

आधी हे वाचणं म्हणजे काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

दुधाचे दात बाहेर येतात सहाव्या-सातव्या महिन्यात, पण घडायला लागतात पोटात असतानाच. दातावरचं पांढरं कवच रोज एक पापुद्रा असं चढत जातं. झाडाच्या खोडात वर्षाचं कडं असतं, दातात दिवसाचं. जन्माच्या दिवशी एक ठळक रेघ उमटते, कारण बाळाला तो धक्का मोठा असतो. त्या रेघेपासून पापुद्रे मोजत गेलं की बाळाच्या कुठल्या दिवशी काय झालं ते कळतं. बाळ उपाशी राहिलं, आजाराने खंगलं, की त्या दिवसांचे पापुद्रे पातळ आणि गढूळ पडतात. मागच्या दाढेचं कवच तर अकराव्या महिन्यापर्यंत चढत असतं. पुढे पोर खाऊन-पिऊन गुबगुबीत झालं तरी त्या रेघा जात नाहीत. शरीर हाड दुरुस्त करतं, कातडी दुरुस्त करतं, दाताचं कवच मात्र एकदा जे झालं ते तसंच ठेवतं.

आमचं यंत्र दाताचा कागदासारखा पातळ काप घेतं आणि त्यावरून प्रकाशाचा एक बारीक ठिपका चालवत नेतं. ठिपका जिथे पडेल तिथले धातू मोजले जातात. त्यात बेरियम असतो, तो आईच्या दुधाची खूण. तो एकदम घसरला की समजायचं, इथे अंगावरचं दूध तुटलं. शेवटी वीतभर लांबीची एक पट्टी छापून येते. तिला आम्ही दंतपट म्हणतो.

याआधी तीस वर्षं मी उंच्या मोजल्या. लाकडी पाटावर बाळ आडवं निजवायचं, एकाने डोकं धरायचं, दुसऱ्याने गुडघे, आणि बाळाने दोघांना लाथा घालायच्या. वयाच्या मानाने उंची किती कमी, त्यावरून ते पोर खुरटलं की नाही ते ठरायचं. या आपल्या भागातल्या देशांत दहातली तीन-चार पोरं खुरटलेली निघायची आणि मग कुठला मंत्री कुठल्या शेजाऱ्यापेक्षा दोन पावलं पुढे यावर भाषणं व्हायची. पण उंची फक्त इतकंच सांगते की काहीतरी झालं. कधी झालं ते दात सांगतो.

आणि दातांनी सांगितलं ते ऐकून सगळ्यांचीच पंचाईत झाली. गढूळ रेघा सगळ्यात जास्त सापडल्या त्या सहाव्या महिन्यापासून अकराव्यापर्यंत, आणि त्यातली निम्मी घरं अशी की जिथे धान्याच्या कणग्या भरलेल्या होत्या. तिथे बाळाला अन्न नव्हतं असं नाही, पातळ पाणी होतं. प्रत्येक देशाचं आपलं एक पातळ पाणी असतं. कुणाचं बार्लीचं, कुणाचं भाताचं, आपलं वरणाचं. वरून निवळलेलं, हलकं, पचायला सोपं आणि पोटात काहीच नसलेलं. पोट तेवढ्यापुरतं भरतं, म्हणून बाळ रडायचं थांबतं आणि घरच्यांना वाटतं, झालं.

दंतपट कधी ते सांगतो. का ते नाही. आमच्या पहिल्या नमुन्यात ‘कारण’ असा एक रकाना होता, पण काठमांडूच्या बैठकीत सातही देशांनी तो एकमताने काढून टाकला. कुणालाच तो भरायचा नव्हता.

माझा दिवस असा जातो: सकाळी नऊ ते पाच यंत्र, मधे डबा. डबा एकटीच खाते, खिडकीपाशी. शीतल, म्हणजे माझे यजमान, जाऊन आठ वर्षं झाली. मुलगी बेंगळुरूला. घरी आले की मी रेडिओ लावते, कार्यक्रमासाठी नाही, घरात कुणीतरी बोलत असावं म्हणून. हे कुणाला सांगायचं नाही असं मी ठरवलं होतं, पण आता सांगायलाच बसले आहे तर तेही असो.

त्या सोमवारी डबा उघडला आणि त्रिशलाचा फोन आला. माझी मुलगी कामाशिवाय फोन करत नाही. कामही सहसा नसतं.

“आई, तुझ्याकडे कुरिअर येईल उद्या. माझी दाढ आहे त्यात.”

“दुखत होती का?”

“दुधाची दाढ गं. आत्याने ठेवली होती. लग्नात कुंकवाच्या करंड्यात घालून दिली होती मला.” मग ती म्हणाली, “मला चौथा महिना लागलाय.”

मी घास तसाच ठेवला. चौथा. म्हणजे तीन महिने तिने मला सांगितलं नव्हतं.

“अगं, किती आनंदाची...” मी सुरुवात केली.

“हो. थँक्यू. ऐक ना, डॉक्टर म्हणतात दंतपट हवा. माझ्या उंचीमुळे.”

त्रिशलाची उंची चार फूट आठ इंच. एकशे बेचाळीस सेंटिमीटर. मी पाच फूट चार, शीतल पाच फूट नऊ. पण शीतलची मोठी बहीण पद्माक्का चार फूट नऊ, त्यामुळे घरात कधी प्रश्नच पडला नाही. बारशात अक्कांनीच तिच्या कानात नाव सांगितलं होतं आणि पुढे पोर वाढेना तशी आम्ही हसून म्हणायचो, आत्याने नाव दिलं ते उंचीसकट दिलं. मीच म्हणायचे. सगळ्यात जास्त मीच. त्रिशला एका लिफ्टच्या कंपनीत आहे, बटणं किती उंचीवर बसवायची ते ठरवते. माझा हात पोचला की कुणाचाही पोचतो, असं म्हणते.

डॉक्टरांना दंतपट का हवा होता ते मला सांगायची गरज नव्हती. हल्ली ठेंगण्या गरोदर बाईला विसाव्या आठवड्यापासून दंडावर एक औषधी पट्टा लावतात. त्याने गर्भाशयातली वार जास्त जोमाने अन्न ओढते आणि बाळ नीट वाढतं. पण हा पट्टा लहानपणी उपाशी राहून खुरटलेल्या बाईसाठी. तिचं गर्भाशय हात राखून वाढवतं, जुनी सवय असल्यासारखं. वंशानेच ठेंगणी असेल तर तिचं गर्भाशय धडधाकट असतं, आणि तिला पट्टा लावला तर बाळ वाटेपेक्षा मोठं होऊन बसतं. दोन्हीकडून जिवाशी खेळ. म्हणून आधी दाढ वाचायची.

“दुसऱ्या कुणाकडून वाचून घे,” मी म्हटलं. “आपल्या माणसाचा दात आपण वाचू नये असं आमच्यात...”

“सगळीकडे दीड महिन्याची रांग आहे, आणि मला सतरावा आठवडा चालू आहे. आई, आजवर कधी काही मागितलंय मी तुझ्याकडे?”

नव्हतं मागितलं. तिने मागायचं ते आत्याकडे मागितलं होतं.

दाढ आली. तांदळाच्या चार दाण्यांएवढी, किंचित पिवळी. मी एकदा तळहातावर घेतली आणि मग यंत्रात ठेवली. निकाल काय येणार ते मला ठाऊक होतं, वंशाची ठेंगणी. कामाचा भाग म्हणून शांतपणे बघत होते. जन्माची रेघ आली, ठळक. त्या रेघेशी मी हजर होते, मिरजेतच, चौदा तास. पुढे पापुद्रे स्वच्छ, एकसारखे, बेरियम भरपूर. मला बरं वाटलं. आईचं दूध किती छान दिसतंय, असंही मनात आलं.

एकशे सत्त्याण्णवाव्या दिवशी बेरियम कोसळला.

तो दिवस मला ओळखायला पट्टी लागली नाही. त्या दिवशी सकाळी मी तासगावहून पुण्याला आणि तिथून काठमांडूला गेले होते. चार देशांत मोजणी करणाऱ्या लोकांना शिकवायचं काम होतं, असं काम दुसऱ्यांदा दारात येत नाही. त्रिशला साडेसहा महिन्यांची होती. शीतलची नोकरी तेव्हा फिरतीची, म्हणून तिला पद्माक्कांकडे ठेवलं होतं. अक्का विधवा, माहेरच्या घरात एकट्या, आणि भाचीवर जीव टाकणाऱ्या.

कोसळलेल्या बेरियमच्या पलीकडे पापुद्रे पातळ होत गेले. आठवड्यात गढूळ. मग पट्टी संपेपर्यंत, म्हणजे दाढेचं कवच पुरं होईपर्यंत, गढूळच. मी मोजले. पुन्हा मोजले. एकोणीस आठवडे. मी परत आले तेव्हा ती अकरा महिन्यांची झाली होती.

असल्या पट्ट्या मी रोज दहा बघते. तराईतल्या, मेघनेच्या काठच्या, आपल्या सातपुड्यातल्या. त्या बघून मला वाईट वाटतं, पण डबा खाता येतो. त्या दिवशी डबा खाल्ला नाही. आणि मला सगळ्यात आधी जे वाटलं ते दुःख नव्हतं, संताप होता. अक्कांनी माझ्या पोरीला उपाशी ठेवलं. भरल्या घरात! तिजोरीत ठेवल्यासारखी पोर त्यांच्या हवाली केली होती, आणि त्यांनी... इतकी वर्षं ‘आत्या आत्या’ करत ती पोर ज्यांच्या पदराला चिकटली, त्यांनीच.

खरं सांगायचं तर त्या संतापात थोडं सुखही होतं. तीस वर्षं माझी मुलगी माझी नव्हती, अक्कांची होती. आता त्याला कागदोपत्री पुरावा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी रजा टाकून तासगावला गेले. पद्माक्का ओसरीवर बेदाणे निवडत होत्या. ऐंशी उलटली आहे, पण नजर अजून पक्की, काडी दिसली की बोटांनी अचूक उडवतात.

“अगं बाई, शैला! कवा निघालीस? फोन तरी करायचास. बस की, च्या ठेवतो.” अक्का अजून आमच्या भागातल्या जुन्या बायकांसारखं ‘मी येतो, मी जातो’ असंच बोलतात.

“चहा नको. अक्का, मला एक सांगा. मी नेपाळला गेले होते तेव्हा तुम्ही त्रिशलाला काय खायला घालत होतात?”

माझा आवाज त्यांनी ओळखला. हातातला बेदाणा ताटात ठेवला.

“का गं? काय झालं पोरीला? पोटातलं बरं हाय न्हवं?”

म्हणजे त्यांना माहीत होतं. पहिल्या महिन्यापासून माहीत असणार. त्याने मी आणखीच पेटले.

“तिच्या दाढेत दिसतंय, अक्का. एकोणीस आठवडे उपाशी होती ती. तुमच्या घरात. मी विचारतेय, काय घालत होतात?”

अक्कांनी मांडीवर हात ठेवले, आणि देवळात पाठ म्हणावा तसं, एका सुरात, म्हणायला लागल्या.

“दूध गाईचं, निम्मं पाणी, उकळून. दिवसातून पाच वेळा, एकेक वाटी. सकाळी अकरा वाजता भाताची पेज, गाळून. दुपारी वरणाचं वरचं निवळ पाणी, चार चमचे, चिमूटभर मीठ. संध्याकाळी पुन्हा पेज. घट्ट काही देऊ नये. डाळ नको, भात नको, केळं नको. मी सांगेपर्यंत.”

हे त्यांचं बोलणं नव्हतं. ‘घट्ट काही देऊ नये’ असं तासगावात कुणी बोलत नाही. ते लिहिणारीचं होतं.

आठवलं. निघायच्या आधी तीन दिवस त्रिशलाला जुलाब लागले होते. मी बॅग भरता भरता एका कागदावर लिहून दिलं होतं आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीला चिकटवला होता. चार दिवसांसाठी. जुलाब थांबले की नेहमीचं सुरू करायचं, हे मला इतकं उघड होतं की लिहायचं राहिलं. त्याऐवजी लिहिलं, ‘मी सांगेपर्यंत’.

“पण जुलाब तर थांबले असतील ना?” मी म्हटलं.

“चार दिसांत थांबलं. मग मी तुला फोन केलावता. म्हटलं, शैला, पोर माझ्या ताटाकडं बघून हात पसरतीया. मऊ भात देऊ का, तूप घालून?”

“मी काय म्हणाले?”

अक्कांनी मान खाली घातली. त्यांना सांगायचं नव्हतं. मी दोनदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, “म्हणालीस, अक्का, मी लिहून दिलंय तेवढंच. इथं मी शंभर जणांना हेच शिकवते.”

तो फोन मला आठवत नाही. खोटं कशाला बोलू, अजूनही आठवत नाही. पण ते वाक्य माझंच आहे, मी आयुष्यभर तेच बोलत आले. आणि त्या दिवसांत मी खरोखर शंभर जणांना शिकवत होते. काय शिकवत होते? चमच्यातून गळतं ते बाळाच्या अंगी लागत नाही. वरणाचं पाणी नको, वरण द्या. माझं ते वाक्य दुभाष्याने नेपाळीत सांगितलं की बायका माना डोलवायच्या.

“तुम्ही तरी ऐकायचं नाही ना माझं!” मी ओरडले. हो, त्यांच्यावरच ओरडले. “तुम्हाला दिसत होतं ना पोर भुकेलं आहे ते?”

“दिसत हुतं की,” अक्का म्हणाल्या. “पर माझं आठ म्हैन्याचं पोर गेलंवतं, ठाव हाय न्हवं तुला? जुलाबानं. सासरी म्हनत, हिनं घट्ट भात चारला म्हणून गेलं. तवापासनं बाळाला कोन काय घालतंय बघितलं तरी माझा हात कापतो. आणि तू शिकलेली. माझ्या डोक्यानं करून तुझ्या पोरीला काय झालं असतं तर?” मग म्हणाल्या, “एक दिस घातलंवतं. केळं, बोटाएवढं. मिटक्या मारून खाल्लं बघ. पर पुढचे दोन दिस मी जिवात जीव न्हाई अशी बसलो, जुलाब हुतोय का बघत. न्हाई झाला. तरी परत धाडस न्हाई झालं.”

(ते केळं मी नंतर प्रयोगशाळेत शोधलं. दंतपटात ते दिसत नाही. एका दिवसाचं बोटभर केळं पापुद्र्यात दिसत नाही.)

मी परत आले तेव्हा त्रिशला बारीक वाटली होती. दात येतायत, मी म्हटलं होतं. मग मी तिला आमटी-भात कालवून दिला आणि ती दोन्ही मुठींनी खायला लागली, तेव्हा मी सगळ्यांना हौसेने बोलावून दाखवलं: बघा, आई आली की कशी जेवते. चार देशांतल्या पोरांना पाटावर निजवून आले होते, पण माझ्या पोरीला त्या दिवशी पाटावर निजवलं नाही. ती माझी होती. तिला कशाला मोजायचं?

अक्का एकदम म्हणाल्या, “म्हंजे शैला... ती माझ्यावर गेली न्हवती व्हय?”

“नाही, अक्का.”

“माझी उंची न्हाई लागली तिला?”

“नाही.”

त्यांनी पदर तोंडाला लावला. “मी दर पौर्णिमेला देवळात म्हनत हुतो, भगवंता, द्यायचंच हुतं तर माझं दुसरं काय तरी द्यायचं पोरीला. हे कशाला दिलंस?”

तीस वर्षं. मी चेष्टा करायचे आणि ही बाई हसून ऐकून घ्यायची आणि पौर्णिमेला देवाची माफी मागायची. मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं, पण ते माझ्यानं झालं नाही. मी फोन काढला.

“आत्ताच करतीस?” अक्का घाबरल्या. “काय सांगनार?”

“औषधाचं सांगायला हवं. दोन-अडीच आठवडेच उरलेत.”

त्रिशलाने लगेच उचलला. मी म्हटलं, “दंतपट झाला. वंशाने नाही, भुकेने आहे. पट्टा सुरू करायला सांग डॉक्टरांना, आज कागद पाठवते.”

“आत्यावर नाही गेले मी?”

“नाही.”

“भुकेने म्हणजे? किती?”

“एकोणीस आठवडे. साडेसहा महिन्यांची होतीस तिथपासून.”

ती हिशेबात हुशार. म्हणाली, “तेव्हा मी तासगावला होते. आत्याकडे.”

“हो.”

अक्का माझ्यासमोर गुडघ्यांवर सरकत आल्या. तळहात छातीला लावून हलक्या आवाजात म्हणाल्या, “माझं नाव सांग. मी आता चार दिसांची. तू तिची आई हाईस, तुला ती लागनार हाय.”

आता हेही सांगते, कारण बाकी सगळं सांगितलं आहे. त्या वेळी माझ्या मनात आलं, घ्यावं. अक्का आपणहून देतायत. पोर चिडेल, रडेल, आत्याला माफ करून टाकेल, आत्याला ती काहीही माफ करते. आणि मला बाळंतपणाला बोलावेल. इतकं सोपं होतं. दंतपट कधी ते सांगतो, का ते नाही. तो रकाना नाहीच.

“आई? आहेस का?”

“आहे. त्रिशला, आत्याने तुला घातलं ते मी लिहून दिलं होतं. चार दिवसांचं होतं, मी तसं लिहिलं नाही. ‘मी सांगेपर्यंत’ एवढंच लिहिलं आणि मग सांगितलंच नाही. तिने फोन करून विचारलंही होतं. मी तिला गप्प केलं.”

पलीकडे रस्त्यावरची वाहनं तेवढी ऐकू येत होती, बेंगळुरूची. मला वाटलं ती रडेल, ओरडेल. मी तयार होते. तेही चाललं असतं.

“आत्या आहे का तिथे?” ती म्हणाली. “तिला दे.”

फोन दिला. अक्का तो दोन्ही हातांनी कानाला धरून आत गेल्या, पण त्यांचा आवाज काही मला लपणारा नव्हता. “न्हाई गं बाळा, मी कशाला रागावतो... खाल्लंस का?... व्हय, येतो की. बाळंतपणाला येतो, त्याला काय, इथं बेदाण्याची काय मोठी राखन लागलीया... बरं. बरं.” मग जरा हळू, “आनि तुझी आई?”

पुढे त्यांनी नुसतं ऐकलं. बाहेर आल्या तेव्हा फोन पदराने पुसत होत्या.

“काय म्हणाली?”

“जाऊ दे. पोटुशी हाय, रागात हाय.”

“अक्का, काय म्हणाली ते सांगा.”

“म्हनाली, आईला सांग, मी सांगेपर्यंत येऊ नको.”

ऊन उतरत आलं होतं. अक्का जैनांच्या रीतीने दिवस मावळायच्या आत जेवतात, आणि आलेल्या माणसालाही जेवल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांनी दोन ताटं घेतली. माझ्या भातावर वरण वाढलं, घट्ट, तळाचं, डावाने ढवळून. त्या समोर बसून होत्या, म्हणून सगळं संपवलं.

त्याच संध्याकाळी मिरजेला येऊन कागद पाठवला. दंतपटाखाली आमच्या नमुन्यात सहीपुरतीच जागा असते. मी सहीच्या वर हाताने एक ओळ लिहिली: कारण, आईने लिहून दिलेला आहार. नियमात बसत नाही. वरिष्ठांनी विचारलं तर सांगेन की हा एक दात मी कारणासकट वाचला.

अक्का गेल्या महिन्यात बेंगळुरूला गेल्या. आयुष्यात पहिल्यांदा विमानात बसल्या, आणि वर जेवायला दिलं त्यात कांदा होता म्हणून उपाशी उतरल्या. रोज दुपारी माझ्या डब्याच्या वेळेला त्यांचा फोन येतो. बाळ वाढतंय, वजन बरोबर आहे, पट्टा चांगला मानवला. त्रिशलाला त्या दिवसातून पाचदा काहीतरी चारतात, घट्ट. मी डबा खाता खाता ऐकते. सहाव्या महिन्यानंतर बाळाला काय घालायचं ते मला दोन पानं भरून सांगता येईल. मी लिहिलं होतंही एकदा, मग फाडून टाकलं.

शेवटी मी रोज तेच विचारते, “ती काही म्हणाली का?”

अक्का म्हणतात, “अजून न्हाई. म्हनंल गं.”

बॅग भरून दाराशी ठेवली आहे. आपण होऊन निघावं असं रोज मनात येतं, मुलगी आहे, दारातून थोडीच हाकलून देईल. पण अक्कांनी त्या पोराला ताटाकडे हात पसरताना बघूनही माझा शब्द मोडला नाही. मग मीही तिचा मोडत नाही. तिच्या निरोपाचा आज एकोणिसावा आठवडा संपला.